खिडकीचे पांघरूण

पश्चिमेकडची खिडकी ही एकत्र कुटुंबातील थोरल्या सुनेसारखी असते. सकाळचे कोवळे ऊन पूर्वेकडच्या खिडक्यांच्या वाट्याला जाते. हिच्या वाट्याला येते ते तिसऱ्या प्रहरचे रखरखीत ऊन, वैशाखातला वळीव आणि श्रावण-भाद्रपदातली झड. बोलत मात्र ती काही नाही. तिचे दुखणे घरच्यांना कळते ते एखाद्या दिवशी बिजागरी स्क्रूंसकट हातात आल्यावरच.

आमच्या घरी गेल्या वर्षी या खिडकीवरून बराच खल झाला. घर नगरच्या एका जुन्या पेठेतले आहे. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी आमच्या पिढीच्या जिभेचे वळण अद्यापि नगरचेच आहे. घराला दगडी जोते, वर विटा-चुन्याच्या भिंती, आणि रस्त्याच्या अंगाला माडीवर सागवानी चौकटींच्या चार खिडक्या. चौकटींच्या माथ्यावर वेलपट्टी कोरलेली असून मधोमध एक कमळ आहे. धाकटे बंधू नोकरीनिमित्त पुण्यास असतात. त्यांनी असे सुचविले की, चारी चौकटी बाहेरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याने पुरत्या मढवून टाकाव्या, सांधे लुकणाने बंद करावे आणि दरसालच्या तेलपाण्यातून कायमचे मोकळे व्हावे. निम्मा खर्च सोसण्याची त्यांची तयारी होती. घर सामाईक, बोलणारा पदरमोड करणारा. तेव्हा नुसते 'नको' म्हणून भागण्यासारखे नव्हते. इतक्यात सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, तापकऱ्याला शाल पांघरली म्हणून ताप उतरतो का?" त्या एका प्रश्नाने वादाला योग्य दिशा मिळाली. लाकडाचा रोग कोणता हे आधी ठरले पाहिजे. पांघरूण कसले घालावयाचे हे मागाहून.

अमरकोशात वातायन आणि गवाक्ष हे शब्द समानार्थी दिले आहेत. एक वाऱ्याची वाट, दुसरा बैलाचा डोळा. डोळ्याला पापणी हवी आणि वाटेला आडोसा हवा, हे तर उघडच आहे. परंतु डोळा शिवून टाकला तर त्याला पापणी म्हणत नाहीत. आमच्या वादाचे सार मला या दोन शब्दांतच दिसले.

आता रोगाकडे वळू. आपण समजतो की लाकडाचा शत्रू पाऊस. नगर शहर पर्जन्यछायेत आहे. येथे वर्षाकाठी सरासरीने साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीकडे, तो हजारांच्या हिशेबाने मोजतात. तरीसुद्धा नगरच्या खिडक्या खराब होतातच. याचे कारण असे की, येथे पहिला घाव उन्हाचा बसतो. सूर्याचे अतिनील किरण लाकडाच्या पृष्ठभागावरील लिग्निन नावाचे द्रव्य मोडून टाकतात. हे द्रव्य म्हणजे तंतूंना एकत्र धरून ठेवणारा जणू डिंकच. तो गेला की लाकूड करडे पडते, त्याचे तंतू सुटे होतात आणि बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून मग पाणी शिरते. एकट्या उन्हाने लाकूड कुरूप होते, एकट्या पाण्याने फुगते. दोघे पाळीपाळीने आले म्हणजे ते मरते.

कुजणे ही त्याच्या पुढची पायरी. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातील ओलीचे प्रमाण शेकडा वीसच्या आत राहिले तर तिचे काही चालत नाही. ते दीर्घकाळ त्यावर राहिले तर तिचे फावते. सागाच्या गाभ्यात निसर्गतःच संरक्षक द्रव्ये असतात, म्हणून तो दीर्घकाळ टिकतो. परंतु सालीलगतच्या पांढुरक्या लाकडाला हे कवच नसते. शिवाय लाकूड जेथे आडवे कापलेले असते, म्हणजे उभ्या बाह्यांचे खालचे टोक, तेथे तंतूंची तोंडे उघडी असतात आणि ती बाजूच्या अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी पितात. जुनी चौकट पाहावी. बहुधा ती तळाच्या दोन कोपऱ्यांतच आधी गेलेली आढळेल. कमळ शाबूत, पाय कुजलेले!

मग पत्र्याने मढविण्यात वावगे काय? आमच्याच पेठेतील एका घरी फार वर्षांपूर्वी अशाच चौकटी पत्र्याने घट्ट मढविल्या होत्या. घर पाडावयास काढले तेव्हा मी मुद्दाम पाहावयास गेलो. पत्रा अगदी ठणठणीत होता. सुताराने तो उचकटला तेव्हा मागचे सागवान भिजलेल्या भुशासारखे हातात आले. पाणी खिळ्यांच्या भोकांतून थेंबथेंब आत गेले, परंतु बाहेर पडावयास त्याला वाट नव्हती. शिवाय थंडीतील पहाटे पत्रा गार पडतो आणि त्याच्या आतल्या अंगाला दव धरते. उन्हाने तो लांबतो, हे निराळेच. दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर वाढते आणि रात्री पुन्हा आखडते. घट्ट ठोकलेल्या खिळ्याचे भोक हा खेळ रोज सोसून सोसून रुंदावते. म्हणजे ज्या पत्र्याने पाणी अडवावयाचे, त्यानेच ते कोंडून ठेवावे, असा प्रकार होतो. सर्वांत वाईट हे की, मढविलेल्या लाकडाचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टीचा विचार केला नव्हता असे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'वज्रलेप' या विषयाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, साळईचे बी, धामणीची साल व वेखंड यांचा काढा एक अष्टमांश उरेपर्यंत आटवावा. त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादींचा कल्क मिसळावा. आणि तो लेप प्रासाद, प्रतिमा, भिंती यांना तापवून लावावा, असे तेथे सांगितले आहे. तो हजारो वर्षे टिकतो ही ग्रंथकाराची ग्वाही आपण अर्थवाद म्हणून सोडून देऊ. परंतु जवस आणि राळ ही त्यातली दोन द्रव्ये आजही रोगणाच्या कामी येतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नॉर्वे देशात बोरगुंड येथे बाराव्या शतकातले लाकडी देऊळ, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, अद्याप उभे आहे. त्याला पाइनच्या लाकडापासून काढलेले डांबर पुनःपुन्हा चोपडीत असतात. आणि आपल्या महाबळेश्वरी पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंती गवताच्या तट्ट्यांनी झाकावयाच्या व पाऊस सरला की त्या काढून टाकावयाच्या, अशी जुनी वहिवाट होती. या तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे: एकदा करून विसरून जावे असे त्यांत काहीच नाही.

अखेर आमच्या घरी मध्यम मार्ग ठरला. वाचकांपैकी कोणाच्या घरी हाच प्रश्न असल्यास उपयोगी पडेल म्हणून तो विस्ताराने सांगतो.

चौकटीच्या माथ्यावर, कोरीव पट्टीच्या वर, पत्र्याची एक उतरती पाखी बसविली. तिची वरची कड भिंतीच्या सांध्यात खोवली आणि पुढची कड खाली दुमडून लाकडाच्या दोन बोटे पुढे काढली. असे न केल्यास थेंब पत्र्याच्या पोटाला चिकटून मागे फिरतो आणि नेमका लाकडावर येतो. पाखीखाली बारीक लाकडी ठोकळ्या देऊन अर्ध्या बोटाची पोकळी राखली, म्हणजे वारा खेळता राहतो. स्क्रूंची भोके लांबट ठेवली, म्हणजे पत्र्याला लांबण्या-आखडण्यास जागा मिळते. ओल्या चुन्याशी ॲल्युमिनियमचा संबंध येऊ दिला नाही, कारण चुन्याचा क्षार त्याला खातो; गिलावा पुरता वाळल्यावर आणि मध्ये रंगाचा हात देऊनच पत्रा लावला. खिडकीच्या खालच्या पाटालाही तसेच उतरते आच्छादन दिले. परंतु दोन्ही बाजूंच्या बाह्या उघड्या ठेवल्या, आणि खालचा सांधा लुकणाने मुळीच बंद केला नाही. वरून पाणी येऊ नये आणि आलेच तर खालून निघून जावे, एवढेच सूत्र.

उघड्या लाकडाला जवसाचे उकळलेले तेल पातळ करून दोन हात दिले. उघड्या टोकांना ते पिईनासे होईपर्यंत पाजले. येथे एक सूचना गृहिणींसाठी. हे तेल उडून वाळत नाही, तर हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकल्यास ते आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून ते मोकळ्या जागी पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

धाकट्या बंधूंचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे नव्हे. जेथे शिडी पोहोचत नाही अशा उंचीवर, किंवा घाटमाथ्यावरील पावसात, साध्या चौकटीला पुरते मढविणे हेच शहाणपणाचे ठरेल. मात्र तेथेही मागे पोकळी आणि तळाला वाट हवीच. त्यांचा खरा प्रश्न पुढेच होता. ते म्हणाले, "दादा, तुम्ही आहात तोवर तेल लागेल. पुढे कोण लावणार?" याला शास्त्रात उत्तर नाही. ते घरालाच द्यावे लागते. आम्ही असे ठरविले की, वर्षातून दोनदा, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आणि दसऱ्याच्या आधी, घरातील मुलांपैकी एकाने चारी चौकटींच्या तळाच्या कोपऱ्यांत टोचणी टोचून पाहावी. ती सहज रुतली तर सुताराला बोलवावे. पहिली पाळी पुण्याच्या पुतण्याने आपण होऊन मागून घेतली.

वस्तू झाकल्याने ती आपल्या काळजीतून सुटते, ही समजूत लाकडाच्या बाबतीत खोटी आहे, आणि एकत्र घराच्या बाबतीतही मला ती फारशी खरी वाटत नाही. पांघरूण घालावे ते उन्हापावसापासून. आपल्या नजरेपासून घालू नये.