संधिप्रकरण

व्याकरणातले संधिप्रकरण मी गेली अठ्ठावीस वर्षे शिकवीत आलो आहे. दोन वर्ण एकमेकांजवळ आले की त्यांचा मिलाफ कसा होतो, हे दाखविण्यासाठी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफायची माझी जुनी सवय. शरीरातील सांध्यालाही आपल्या वैद्यकात संधीच म्हणतात. त्या संधीचा पाठ मात्र मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी विद्यार्थी होऊन गिरवावा लागला.

मुख्याध्यापकाचे काम खुर्चीत बसून करायचे, असा पुष्कळांचा समज असतो. सरकारी शाळेत तसे नसते. आमच्या पहिली-दुसरीची मुले जमिनीवर बसतात आणि त्यांच्या पाटीवरचे अक्षर पाहावयाचे तर आपल्यालाही उकिडवे बसावे लागते. बसणे कसेबसे जमे, उठणे जमेना. एखादा मुलगा न सांगता हात पुढे करी. तो इवलासा हात धरून उठताना मनात येई, निवृत्तीला अजून सहा वर्षे आहेत. तोवर या मुलांजवळ बसणे आपल्याच्याने होईल का?

आमच्या वडगावात गुडघेदुखी ही काही नवलाची गोष्ट नव्हे. हे विणकरांचे गाव. हातमागाच्या काळी माणसे खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसत. यंत्रमाग आले तेव्हा दिवसभर उभी राहू लागली. आमच्या थोरल्या वहिनींनी उभी हयात एक पाय दुमडून कांड्या भरण्यात घालवली. माझ्या आधी कितीतरी वर्षे त्यांचे गुडघे गेले होते. "आता जपायचं," असे घरातले सगळे म्हणत, आणि जपणे म्हणजे न हलणे. त्यामुळे प्रथम खासबागचा रविवारचा बाजार सुटला, मग शेजारच्या गल्लीतले हळदीकुंकू सुटले, शेवटी उंबऱ्याबाहेरचे जगच सुटले. वेदनेपेक्षा हे सुटत जाणेच त्यांच्या चेहऱ्यावर अधिक दिसे.

अस्थिरोगतज्ज्ञांनी आम्हा दोघांचीही क्ष-किरण छायाचित्रे पाहिली आणि गुडघ्यांच्या कूर्चेची झीज झाल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेची वेळ अद्याप आलेली नव्हती. वहिनींच्या पोटासाठी गोळ्या बेताने घ्यावयाच्या होत्या. मग उरला भौतिकोपचार, म्हणजे सर्वतोमुखी झालेली फिजिओथेरपी. आपल्या देशात या विद्येचे रीतसर शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. पोलिओने अधू झालेल्या मुलांना उभे करणे, ही तेव्हाची मोठी निकड होती. आज आमच्या बेळगावातही या विषयाचे महाविद्यालय आहे.

आमच्या उपचारकर्त्या बाई गोकाककडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मराठी समजत, बोलताना मात्र कानडीचा आधार घेत. त्यांनी पहिल्याच दिवशी जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटले. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते आणि सांधा दबतो-सुटतो तेव्हाच तो द्रव तिच्यात झिरपतो. न हलणारा सांधा एका अर्थी उपाशी राहतो. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू सशक्त असेल तर तो गुडघ्यावरचा बराच भार स्वतः पेलतो; माणूस बसून राहिला की तोच आधी सुकतो. वहिनींनी हे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे बंद ठेवलेला मागच की!" बाईंना ती उपमा इतकी आवडली की पुढे त्या इतर रुग्णांनाही तीच सांगू लागल्या.

व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. उताणे निजून गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबून पाच अंक मोजायचे. एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय वीतभर उचलून धरायचा. मग हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचे, बसायचे. काठी घ्यावयाची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. व्यायाम करताना थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असले तर संख्या कमी करावी. गुण दिसावयास दीड-दोन महिने तरी लागतात. नेमक्या याच मुदतीत पुष्कळजण कंटाळतात. त्या दवाखान्यात मी पाहत असे, शेकण्याच्या दिव्यासाठी आणि विजेच्या 'करंट'साठी रांग असे. यंत्राने घटकाभर बरे वाटते आणि स्वतःला काही करावे लागत नाही. घरी पाय उचलण्याचे काम मात्र यंत्र करीत नाही.

बाईंनी दिलेला व्यायामाचा कागद इंग्रजी आणि कानडीत होता. वहिनींना मराठीखेरीज वाचता येत नाही. मी तो एका रात्री मोठ्या अक्षरांत मराठीत उतरवून काढला. गल्लीत त्याच्या प्रती मागितल्या जाऊ लागल्या, तेव्हा बाईंना दाखवून मी त्यात दोन ओळी वाढविल्या. एक वजनाविषयी : शरीराचे वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दुसरी ओळ अधिक महत्त्वाची. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, तर ती झीज नसून निराळा विकार असण्याचा संभव आहे. माधवनिदानात 'आमवात' म्हणून ज्याचे स्वतंत्र प्रकरण आहे त्याच्याशी आपल्याकडे तो ताडून पाहतात. त्यावर वेळीच औषधे सुरू केली नाहीत तर सांधे वाकडे होतात. केवळ व्यायामावर विसंबू नये. त्या ओळीमुळे शेजारची एक सून तपासणीला गेली आणि आज ती नियमित औषध घेत आहे.

शस्त्रक्रियेला मी नावे ठेवीत नाही. पंतप्रधान वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे 2000 आणि 2001 साली मुंबईत बदलले गेले. कित्येकांना तोच मार्ग योग्य असतो. पण नवा गुडघा बसविल्यावरही चालावयास शिकविणारा भौतिकोपचारच असतो.

माझा डावा गुडघा अजून जिना उतरताना कुरकुरतो, आणि आमच्या आषाढातल्या पावसात तर तो सकाळी चांगलाच रुसतो. पहिलीच्या वर्गात मी एक बुटके स्टूल ठेवले आहे. त्यावरून पाट्या नीट दिसतात आणि उठताना कोणाचा हात लागत नाही. वहिनी गेल्या पौषापासून काठी टेकीत बाजाराला जातात, येताना वाटेत दोनदा बसतात. सकाळी त्यांच्या खोलीतून बाईंच्या कानडीतले आकडे ऐकू येतात, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. त्यापुढचे त्यांना येत नाहीत. पाचच मोजायचे असल्याने अडत नाही.