बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला का?

नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, मंचरची तरकारी: जुन्नर-आंबेगावातल्या आडत्यांचे हिशोब टॅलीवर बसवून देणं हा माझा धंदा. बहुतेक गाळ्यांवर बॅकअप रोज घेतला जातो. तो उघडून मात्र क्वचितच कोणी पाहतं. आणि उघडलाच, तर त्यातलं काय ताडून पाहायचं, हे खाती कशी मांडली आहेत त्यावर ठरतं.

टॅलीत नवी कंपनी उघडली की २८ ग्रुप तयार मिळतात. खाती मात्र दोनच, कॅश आणि प्रॉफिट अँड लॉस. बाकीची मांडणी आपली. हंगामाच्या घाईत सगळ्यांच्या पट्ट्या ‘शेतकरी खाते’ या एकाच नावावर पडतात. ताळा तरीही जुळतो, आणि तिथंच फसगत होते. कोणाचे पैसे द्यायचे राहिले ते त्यातून कळत नाही. म्हणून ‘संड्री क्रेडिटर्स’मध्ये प्रत्येक शेतकऱ्याचं खातं वेगळं हवं. एकाच गावात सारख्या नावाआडनावाची माणसं असतात, तेव्हा वडिलांचं नाव आणि वाडीही लिहावी. खरेदीदार ‘संड्री डेटर्स’मध्ये.

आडत ही आपली कमाई. फळं-भाजीपाल्यावरची आडत २०१६पासून शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. हमाली, तोलाई, बाजार फी मात्र आपल्या हातून फक्त पुढे जाते. ती ‘करंट लायबिलिटीज’मध्ये ठेवावी. उत्पन्नात टाकली तर नफा फुगतो आणि बाजार समितीचं देणं दिसेनासं होतं.

आता बॅकअप. एंट्री चालू असताना वीज गेली तर डेटा बिघडू शकतो, आणि हे कधीकधी दोन-चार दिवसांनी लक्षात येतं. रोज त्याच फोल्डरवर बॅकअप घेत राहिलात, तर चांगली प्रत बिघडलेल्या प्रतीखाली गेलेली असते. म्हणून वारांच्या नावाचे सात फोल्डर करावेत. पेन ड्राइव्ह काम झालं की काढून घरी न्यावा. कायम लावून ठेवला तर रॅन्समवेअर त्यालाही कुलूप घालतं. चालू डेटाचा फोल्डर गुगल ड्राइव्हला जोडून निर्धास्त राहू नये, कारण बिघाडही तितक्याच इमानानं वर चढतो.

महिन्यातून एकदा रिस्टोअर करून पाहा, पण दुसऱ्या संगणकावर किंवा रिकाम्या फोल्डरमध्ये. चालू डेटाच्या जागी केलात, तर आजचा हिशोब पुसून जुना बसेल. उघडल्यावर आधी शेवटच्या व्हाउचरची तारीख पाहा, मग ट्रायल बॅलन्स, मग चार-पाच शेतकऱ्यांची बाकी कागदी पट्ट्यांशी ताडा. खाती वेगळी ठेवल्याचा उपयोग इथं होतो.

कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना २०२२पासून भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप सक्तीचा आहे, तर १ एप्रिल २०२३पासून फेरफाराची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. एकट्या मालकाच्या गाळ्याला हे नियम लागू नाहीत; पण जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब जपावाच लागतो. वर्षअखेरीची प्रत म्हणून वेगळी ठेवावी.

शेवटचं काम मालकाचं. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर तो परत मिळवण्याची सोय नाही. बॅकअप कितीही असोत, एकही उघडत नाही. तो फक्त मुनिमाला ठाऊक असेल, तर या दिवाळीत लिहून पाकिटात बंद करा आणि पाकीट लॉकरमध्ये ठेवा.