घराण्यांत कोणी आहे का ?

वधूपरीक्षेच्या वेळचे पुष्कळसे प्रश्न काळाच्या ओघांत मागें पडले. एक मात्र अद्याप टिकून आहे. चहाचा पेला खालीं ठेवीत, आवाज किंचित् उतरवून मुलाचे वडील विचारतात, "घराण्यांत कोणाला कांहीं...?" वाक्य पुरें करण्याची रीत नाहीं. पन्नास वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या बहिणीला पाहावयास मंडळी आली, तेव्हां हा प्रश्न आलाच. वडील उत्तर जुळवीत होते, तोंच आम्ही बोलून गेलों, "छे, कोणी नाहीं." माजघराच्या दाराआड मनूआत्या वाती वळीत बसली होती. रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें विचारलें, "पाहुण्यांना मी नाहीं असें कां रे सांगितलेंस?"

मनूआत्या ही वडिलांची बहीण. तिसऱ्या वर्षीं तापांत तिला आंकडी आली, आणि पुढें तिची बुद्धि वयाबरोबर वाढली नाहीं. वाती मात्र ती इतक्या एकसारख्या वळी, कीं घरांतल्या शहाण्या बायकांना तें कधीं साधलें नाहीं. पाहुणे आले कीं तिनें माजघराबाहेर यावयाचें नाहीं, अशी घरची वहिवाट. तींत कोणास कांहीं वावगें वाटत नसे.

आमच्या त्या उत्तरामागें केवळ भीति नव्हती, थोडी विद्वत्ताहि होती. थोरल्या काकांच्या कपाटांत सुप्रजाजननशास्त्रावरील पुस्तकें होतीं, व तीं आम्हीं कॉलेजांत असतांना वाचून काढलीं होतीं. या शास्त्राला नांव दिलें तें फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडितानें, १८८३ सालीं. हा डार्विनचा आतेभाऊ. दोघांचे आजोबा एकच, आज्या निराळ्या. निवड करून घोड्याकुत्र्यांची अवलाद सुधारतां येते, मग मनुष्याची कां येऊं नये, हा त्याचा साधा प्रश्न. कर्त्या कुळांनीं प्रजा वाढवावी असें सांगणाऱ्या या गृहस्थास स्वतःला मूलबाळ झालें नाहीं, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं. आपल्याकडे कादंबरीकार ना. सी. फडके यांनीं १९२७ सालीं याच शास्त्राचा पुरस्कार करणारें इंग्रजी पुस्तक लिहिलें. गोत्र, प्रवर व कुळ पाहून लग्नें जमविणाऱ्या आम्हां पांढरपेशांना हें सारें फार गोड वाटलें. आपले पूर्वज हें अगोदरच जाणत होते, असें म्हणावयाची सोय झाली. चांगलें कुळ कोणतें, हें विचारण्याची आम्हांस गरज पडली नाहीं. तें आमचेंच, हें ठरलेलें होतें.

ज्यांचें कुळ दुसऱ्यांनीं ठरविलें त्यांचें काय झालें, तें कॅरी बक हिच्या हकीकतीवरून कळतें. कॅरी ही अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानची गरीब मुलगी. आई अपस्मारी व मंदबुद्धि लोकांच्या सरकारी वसाहतींत. मुलगी परक्या घरीं वाढलेली. त्या घरच्या एका नातलगानें बलात्कार केल्याचें तिनें पुढें सांगितलें. दिवस गेले, तेव्हां घरच्यांनीं तिलाच मंदबुद्धि ठरवून १९२४ सालीं आईच्याच वसाहतींत धाडलें. त्याच वर्षीं संस्थानानें निर्बीजीकरणाचा कायदा केला होता, आणि तो कोर्टांत टिकतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कॅरीची निवड झाली. तिचा वकील पूर्वीं त्याच वसाहतीच्या कारभारी मंडळावर होता. त्यानें तिच्या बाजूनें एकहि साक्षीदार बोलाविला नाहीं. आई मंद, मुलगी मंद. तिसऱ्या पिढीचा पुरावा हवा, म्हणून कॅरीची तान्ही मुलगी पाहण्यांत आली. एका समाजसेविकेनें साक्ष दिली, कीं मुलीची मुद्रा नेहमींच्या मुलांसारखी दिसत नाहीं. नेमकें काय निराळें, तें मात्र सांगतां येत नाहीं.

असल्या पुराव्यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९२७ सालीं आठ विरुद्ध एक अशा मतांनीं कायदा मान्य झाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति होम्स हे त्या देशांतील नामांकित विद्वान. अशा तीन पिढ्या झाल्या तेवढ्या पुरेत, असा त्यांचा अभिप्राय. कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. तिची धाकटी बहीण डोरिस हिला आंत्रपुच्छ काढावयाचें आहे असें सांगून तोच प्रकार केला. आपल्याला मूल कां झालें नाहीं हें तिला म्हातारपणीं कळलें. आणि जिची मुद्रा कोणाच्या नजरेंत भरली नव्हती ती तान्ही व्हिव्हियन शाळेंत गेली, गुणवंतांच्या यादींत आली, व १९३२ सालीं आठ वर्षांची होऊन वारली.

आम्हीं हें वाचलें तें फार उशिरां. ती साक्ष वाचतांना आम्हांस आमचें "छे, कोणी नाहीं" पुन्हां ऐकूं आलें.

जर्मनीनें पुढें काय केलें तें वाचकांस ठाऊकच आहे. १९३३ च्या कायद्यान्वयें सुमारें चार लाख स्त्रीपुरुषांचें निर्बीजीकरण झालें, आणि १९३९ पासून मंदबुद्धि व वेड्या रुग्णांस ठार मारण्यापर्यंत मजल गेली. पण तें परदेशांतलें, असें म्हणून हात झटकतां येत नाहींत. १९९४ सालीं पुण्यांत, शिरूरच्या सरकारी वसतिगृहांतील मतिमंद मुलींचीं गर्भाशयें काढण्यांत आलीं. कारण पुढें केलें तें स्वच्छतेचें. गवगवा झाला तेव्हां तें थांबलें.

गेल्या महिन्यांत आमच्या नातीला पाहावयास मंडळी यावयाची होती. आत्याचें व्यंग तापामुळें आलेलें, वंशांतलें नव्हे, एवढें सांगितलें कीं झालें, असें धाकट्या भावानें सुचविलें. तें खरेंच होतें. पण वंशांतलें असतें, तर तिला दाराआड बसविणें रास्त ठरलें असतें काय?

मुलगा व नात एकमेकांस चार वेळां भेटलेलीं, तेव्हां पाहणें हें नांवाचेंच. तरी तो प्रश्न चहाबरोबर आला. आम्हीं म्हटलें, "होती. आमची मनूआत्या. सत्तर वर्षें या घरांत होती." ताप सांगितला नाहीं. मुलाच्या आईनें विचारलें, "त्या काय करीत असत?" तेव्हां नातीनें देवघरांतून आत्याचा पितळी डबा आणून दाखविला. त्यांत अद्याप मूठभर वाती आहेत. त्या कोणी लावीत नाहीं.

मंडळी कळवितों म्हणून गेली. आज अठरा दिवस झाले.