नोटीस पिरियड आणि एक खोटा फोन



मागच्या वेळी लिंबाच्या लोणच्याबद्दल लिहिलं होतं. आज विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे, पण आपल्यातल्या बऱ्याच जणी आता नोकरी करतात, म्हणून लिहिते. शिवाय यात माझी एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्हाला माहीत आहे, मुलं मोठी झाल्यावर मी नोकरीला लागले. १ जुलै २०१९ ला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या अकाउंट्समध्ये रुजू झाले. घर इचलकरंजीत. सकाळी पावणेआठला बाहेर पडायचं, एसटीने हातकणंगल्यापर्यंत, तिथून दुसरी गाडी. काम मला आवडायचं. हिशोब जुळला की जो आनंद होतो तो पुरणपोळी न फाटता तव्यावर पडली की होतो तसाच.

अडचण होती ती संध्याकाळची. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, मार्चअखेर तर विचारूच नका. घरी पोचायला साडेसात-आठ. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. माझा रात्रीभोजनाचा त्याग आहे, म्हणून डब्यात दोन वेळचं न्यायचं आणि पाच वाजता टेबलावरच्या फायली बाजूला सारून थंड भाकरी आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी खायची. चार वर्षं हे केलं. कुणी त्रास दिला नाही, पण घरची संध्याकाळ म्हणजे काय हे मी विसरून गेले होते. सासूबाई एकट्याच जेवायच्या, त्याचं जास्त वाईट वाटायचं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये ह्यांच्या ओळखीतून कळलं की इचलकरंजीतच एका सूतगिरणीच्या ऑफिसात अकाउंट्सची जागा आहे. घरापासून चालत पंधरा मिनिटं, वेळ नऊ ते साडेपाच. मी बायोडाटा पाठवला.

आता चुकीकडे येते. पुतण्या पुण्याला नोकरी करतो. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "काकू, दोन महिन्यांच्या नोटीसचं नाव काढलंस की समोरचे फोन ठेवतात. सगळ्यांना लगेच येणारा माणूस लागतो. सरळ सांग, सोडलीय म्हणून. पुढचं पुढे बघू."

दोन दिवसांनी दुपारी फोन आला. मी ऑफिसच्या स्टोअरमागे उभी होते. पलीकडच्या मॅडमनी विचारलं, "सध्या कुठे काम करता?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मार्चअखेर सोडलं. आता घरीच आहे." मागे कंपनीचा भोंगा वाजत होता आणि मी घरीच आहे म्हणत होते! मॅडम म्हणाल्या, "बरं झालं, आम्हाला १ जूनच्या आधी माणूस हवाच आहे. फॉर्म पाठवते, भरून द्या."

फॉर्म संध्याकाळी मोबाईलवर आला. नाव, पत्ता, शिक्षण, आधीचा पगार भरून झालं. मग एक रकाना आला, शेवटच्या नोकरीतला शेवटचा दिवस. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची सर्व्हिस हिस्ट्री जोडावी. मी ३१ मार्च लिहिलं आणि थांबले.

मी स्वतः अकाउंट्समधली. पीएफचा यूएएन नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो, आणि कुठल्या कंपनीत कधी लागलो, कधी सोडलं, हे सगळं त्या खात्यात दिसतं, हे मी दहा जणांना समजावून सांगितलेलं. माझ्या खात्यात सोडल्याची तारीखच नव्हती. म्हणजे आज ना उद्या उघडं पडणारच. पण खरं सांगते, पकडले जाण्याची भीती नंतरची. त्या रात्री सामायिकाला बसले तर मन लागेना. बोललेलं खोटं एकदाच बोललो असं वाटतं, पण लिहिलेलं समोर बघत राहतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यातला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं. पाठशाळेत मी मुलांना तो समजावताना खोट्या दस्तऐवजाचं, खोट्या सहीचं उदाहरण द्यायची. माझ्या हातातल्या मोबाईलवरचा रकाना त्यातच बसतो, हे मात्र उशिरा लक्षात आलं.

सकाळी सासूबाईंना सांगितलं. वाटलं होतं त्या व्रताबद्दल काही बोलतील. त्या गवार निवडत होत्या. म्हणाल्या, "मागल्या वर्षी आपली भांडीवाली न सांगता काम सोडून गेली, तवा तू किती दिवस बडबडत हुतीस? एक महिना आधी सांगाया काय झालं हुतं तिला, म्हणून." एवढं बोलून गवारीकडे वळल्या. मला पुढे काही विचारावंच लागलं नाही.

मैत्रिणींनो, नोटीस पिरियड म्हणजे तरी दुसरं काय आहे? मी जाणार आहे हे वेळेवर सांगणं, म्हणजे मागच्यांची तारांबळ होऊ नये. माझ्या नेमणुकीच्या पत्रात दोन महिने लिहिलेत आणि खाली माझी सही आहे. तो मी दिलेला शब्द आहे. आणि नव्या ठिकाणी जाताना तोच शब्द लपवायचा?

मी दहा वाजता मॅडमना फोन केला. आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, कारण घाबरले की मी भरकटते. मी म्हणाले, "मॅडम, काल मी चुकीचं सांगितलं. मी अजून नोकरीत आहे, जुलै २०१९ पासून. माझी नोटीस दोन महिन्यांची आहे. तुमचं पत्र आल्यावर राजीनामा दिला तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोकळी होईन. त्याआधी येता येणार नाही. हे चालणार नसेल तर मी समजू शकते."

पलीकडे काही वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "मग काल खोटं का सांगितलंत?"

या प्रश्नाचं उत्तर कागदावर नव्हतं. एसटी चुकली, ऐकण्यात गडबड झाली, असं काहीतरी जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, "भीती वाटली, नोटीस ऐकून तुम्ही नाही म्हणाल म्हणून." त्या म्हणाल्या, "साहेबांना विचारून सांगते." फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. पण त्या रात्री झोप लागली.

चार दिवसांनी बोलावणं आलं. शनिवार, २७ एप्रिल. साहेब वयस्कर, अंगात पांढरा सदरा. पहिलाच प्रश्न, "आधीची नोकरी का सोडताय?" इथे आपण बायका हमखास चुकतो. कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर आपलं सगळं बाहेर येतं, साहेब कसे ओरडतात, कोण कुणाचा नातेवाईक आहे. खरं बोलायचं म्हणजे सगळं ओकून टाकायचं असं नाही. दुसऱ्याला घातक ठरेल असं सत्यही बोलू नये, हे आपल्या श्रावकाचारात सांगितलेलंच आहे. मी म्हणाले, "काम चांगलं आहे, पगार वेळेवर होतो. पण घरी पोचायला आठ वाजतात. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि घरी वृद्ध सासूबाई आहेत. म्हणून जवळ काम शोधते आहे." साहेबांनी मान हलवली.

मग ते म्हणाले, "दोन महिने जास्त होतात. नोटीसचे उरलेले पैसे आम्ही भरतो, तुम्ही १ जूनला या." यात बेकायदा काही नाही. नोटीसच्या बदल्यात पगार भरून मोकळं होण्याची सोय माझ्या पत्रातही होती आणि बऱ्याच कंपन्यांत असते. क्षणभर मोह झाला. पण ३० जूनला माझी तिथे पाच वर्षं पूर्ण होणार होती. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. माझा मूळ पगार १८,०००. त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं, की ५१,९२३ रुपये होतात. एक महिना आधी सुटले तर हक्काचे हे पैसे हातचे जातील, अशी भीती होती.

असं सांगावं की नाही? पैशाचं बोललं की लोभी वाटेन, असं वाटलं. मग विचार केला, एकदा अर्धवट बोलून बघितलंय, पुन्हा नको. मी दोन्ही कारणं सांगितली. एक ग्रॅच्युइटी. दुसरं, माझ्या जागी येणाऱ्याला काम समजावायला वेळ हवा. साहेबांनी टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला, हिशोब केला, म्हणाले, "बरोबर आहे आकडा." आणि हसले.

पण गोष्ट गोड झाली असं समजू नका. ३ मे ला पत्र आलं. मुख्य जागा त्यांनी जूनपासून येणाऱ्या दुसऱ्या कुणाला दिली होती. मला त्याखालची जागा, पगार मी धरला होता त्यापेक्षा १,५०० रुपयांनी कमी. घरी चर्चा झाली. पुतण्या फोनवर म्हणाला, "बघ काकू, मी सांगितलं होतं." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. खरं बोलण्याची किंमत पडली, ती महिन्याला १,५०० रुपये. मी जागा घेतली.

पत्र हातात आल्यावरच राजीनामा दिला, ही एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. तोंडी होकारावर हातची नोकरी सोडू नका. ६ मे, सोमवार, दुसऱ्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं. जुने साहेब रागावले. आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी एक दोनशे पानी वही घातली. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी. कुठल्या व्यापाऱ्याचं बिल कुठे अडकतं, कुणाला दोनदा फोन करावा लागतो, कुठली फाईल कुठल्या कपाटात, सगळं लिहिलं. नवीन मुलगी जूनमध्ये आली, तिच्याकडून महिन्याचं सगळं चक्र एकदा करून घेतलं. ५ जुलैला किल्ल्या दिल्या. साहेब उठून दारापर्यंत आले. काही बोलले नाहीत, पण आले. ग्रॅच्युइटी ३० दिवसांच्या आत बँकेत जमा झाली, ५१,९२३.

कुणाला उद्या मुलाखतीला जायचं असेल तर माझ्या अनुभवावरून एवढंच सांगते. आधी घरी बसून नेमणुकीचं पत्र काढा आणि नोटीस किती ते वाचा. आपल्यापैकी कितीतरी जणींना ते माहीतच नसतं. किती दिवस असं विचारलं की तारीखच सांगा, "बघते, करते" म्हणू नका. शिल्लक रजा नोटीसमध्ये धरतात का, पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे आधी आपल्याच ऑफिसच्या नियमात बघा आणि मगच नव्या ठिकाणी शब्द द्या. आणि त्यांना थांबणं जमत नसेल तर त्यांचंही काही चुकत नाही, त्यांचं कामही अडलेलं असतं.

आता मी साडेपाचला सुटते. पावणेसहाला घरात. डिसेंबरात थोडी धावपळ होते, पण सासूबाईंनी कणीक मळून ठेवलेली असते. दोघी मिळून गरम भाकरी खातो. त्यांना दात नाहीत, त्यामुळे माझ्या भाकरीचा मऊ भाग त्यांना आणि त्यांच्या भाकरीच्या कडा मला.

एक गोष्ट मात्र राहिली. ऑफिसात त्याच मॅडम आहेत. चांगल्या आहेत, माझ्या डब्यातली चटणी मागून घेतात. पण मी रजेचा अर्ज दिला की त्या तारखेवरून दोनदा नजर फिरवतात. कदाचित ती त्यांची सगळ्यांसाठीची सवय असेल. मी विचारलेलं नाही. मला मात्र दर वेळी तो स्टोअरमागचा फोन आठवतो. गेल्या दशलक्षणात क्षमावाणीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन हात जोडले आणि त्या फोनबद्दल पुन्हा क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, ते मी कधीच विसरले." पुढच्या अर्जावर त्यांनी पुन्हा दोनदा बघितलं. बघू देत. अर्ज खरा असतो, एवढं माझ्या हातात आहे.

जय जिनेंद्र.