काळ्या रुपयाची पारख

चाकणच्या बाजारात कांदा विकला आणि भाच्याला घेऊन चिंचवडची वाट धरली. दुतर्फा कारखाने; शिवार शोधावे लागते! भाच्याच्या खिशात चांदीचा एक काळा रुपया होता. कांद्याच्या पट्टीतले दोन हजार मोजून त्याने तो वाटेवरच्या एका विक्रेत्याकडून घेतला होता. पेशवाईत चिंचवडला टांकसाळ होती हे खरेच, म्हणून पोर भुलले.

मोरया गोसावींच्या समाधीचे दर्शन घेतले आणि जवळच राहणाऱ्या आमच्या आप्तांकडे गेलो. त्यांचा जन्म चांदीकामात गेला. त्यांनी घरचा जुना रुपया काढून शेजारी ठेवला.

"चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, पण सावकाश. आधी पिवळसर, मग तांबूस, निळसर, शेवटी काळी. खाचेत काळे साचते. अक्षरांचा माथा हात लागून उजळ राहतो. तुमच्या नाण्यात माथा नि खाच सारखीच काळी. हा नवा ओरखडा बघा, तोही आतून काळा!"

"म्हणजे नाणे खोटे?" भाच्याने विचारले.

"तसेच काही नाही. जुने नाणे कोणी घासून चकचकीत केले की जाणकार किंमत पाडतात. मग ते गंधकाच्या पाण्यात बुडवून पुन्हा काळे करायचे. आणि हो, नाण्यांना रबर गुंडाळू नका. त्यातही गंधक असते."

मी गप्प बसलो. आमच्या घरी दर दिवाळीला पूजेचे रुपये चिंच लावून घासतात. यंदा मंडळींना कसे सांगावे, याचाच विचार परतीच्या एस. टी.त चालला होता.