दगड कुणाच्या दिशेनं

सिनेमात आपण स्वतःला शोधतो ते बहुधा नायकात. तो आपल्यासारखा बोलला, आपल्यासारखा हरला की सिनेमा ‘आपला’ वाटतो. ही ओळख फार सोयीची असते. नायकात माणसाला स्वतःचं सोसणं दिसतं, स्वतःचं वागणं क्वचितच. ते बघायचं तर पडद्यावरच्या गर्दीकडं बघावं लागतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त कैकाडी घरातला शाळकरी जब्या बापाबरोबर गावातली डुकरं धरायला धावतो. गाव बघतंय, त्यात त्याला आवडणारी शालूही आहे, म्हणून तो आडोसे शोधत राहतो. हा पाठलाग दिग्दर्शकानं मुद्दाम लांबवलाय. डुक्कर कोंडीत सापडतं न सापडतं तोच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर पसार. आपल्याला हसू येतंच, आणि तिकडे पडद्यावरची पोरंही हसतच असतात. शेवटी डिवचलेला जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या रोखानं येतो.

शहरातल्या प्रेक्षकाचं म्हणणं ठरलेलं: हे खेड्यातलं, आम्ही कुठं कुणाला डुकरं धरायला लावतो? कबूल. पण दगड बघ्यांवर आहे, आणि बघे तर आपणही होतो, तेही तिकीट काढून. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. ‘आपण’ म्हणजे नेमके कोण? ज्यानं जब्याचं जिणं काढलंय, तो दगड खाणाऱ्यांत नाही, मारणाऱ्यांत आहे. अगदी खरं; आणि सिनेमाला आरसा म्हणणारे अडतात ते इथंच. आरसा समोरच्यांची वाटणी करत नाही. ‘फँड्री’ करतो, एकाच रांगेत खुर्चीला खुर्ची लावून बसलेल्या दोघांचीसुद्धा.

मग मंजुळे यांच्याच २०१६ च्या ‘सैराट’चं काय? त्यातल्या ‘झिंगाट’ गाण्यावर नाचलेल्यांपैकी कितींनी बहिणीला जातीबाहेर लग्न करू दिलं, असं कुणी खोचकपणे विचारील. हा हिशेब सिनेमाकडं मागू नये. दाखवणं वेगळं, सुधारणं वेगळं. दाखवण्यातच केवढा फरक पडतो ते ‘सैराट’च्याच २०१८ च्या हिंदी रूपावरून, ‘धडक’वरून कळतं. गोष्ट उदयपूरला गेली, जात पुसट झाली नि मुलीचा राजकारणी बाप ठळक झाला. त्याच्यावर चिडलं की प्रेक्षक सुटला. ‘सैराट’मध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या आर्चीला नि तिच्या नवऱ्याला मारायला येणारे तिच्या माहेरचे आहेत, आईनं पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन आलेले. ती त्यांना चहा करून देते. त्यांच्या बसण्या-बोलण्यात खलनायकी काहीच नाही, आणि त्यातला एक तर तिच्या पोराचा सख्खा मामा आहे.