बुधवारची उत्तरं

रेल्वेच्या प्रश्नांना लोकसभेत बुधवार, राज्यसभेत शुक्रवार. बालासोरच्या रेल्वे अपघाताचं उत्तर आलं शुक्रवारी, 21 जुलै 2023 ला. 2 जूनला बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला सिग्नल मिळाला मेन लाइनचा, सांधा मात्र लूपकडे वळलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. लेखी उत्तरात मृत 295. कारण एका वाक्यात: उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत पूर्वी झालेला सर्किटमधला बदल आणि 94 नंबरच्या फाटकाचं विजेचं बॅरियर बदलताना झालेलं सिग्नलचं काम, या दोन्हींतल्या त्रुटी. "पूर्वी" म्हणजे कधी, आणि तो बदल तपासून सही कुणी केली? पूरक प्रश्नाची जागा नेमकी इथे होती. पण लेखी उत्तराला पूरक प्रश्न नसतो.

•

बालासोर अपघाताच्या चौकशी अहवालात आणखी एक नोंद आहे. 16 मे 2022 ला, बहानगा ज्यात येतं त्याच खरगपूर विभागात, बांकरा नयाबाज स्थानकात, चुकीच्या वायरिंगमुळे असाच घोळ झाला होता. माणूस दगावला नाही, म्हणून बोभाटाही झाला नाही. तेव्हाच दुरुस्ती झाली असती तर बहानगा टळलं असतं, असं अहवाल म्हणतो. संसदेत अपघातावर गदारोळ होतो. टळलेल्या अपघातावर कामकाज तहकूब झाल्याचं मला तरी आठवत नाही.

•

रेल्वेची चौकशी रेल्वेनेच करू नये, हे आपल्याकडे फार आधी सुचलं होतं. 1937 मध्ये बिहट्याला गाडी घसरली. ओढणारं इंजिन एक्सबी जातीचं, वेगात डोलण्याबद्दल आधीच बदनाम झालेलं. त्या इंजिनांची चौकशी करायला बसलेल्या समितीने निरीक्षकांच्या स्वातंत्र्याचाही विषय काढला. इंजिनं विकत घेणार रेल्वे बोर्ड, ती चांगली की वाईट ते ठरवणारा निरीक्षक त्याच बोर्डाच्या हाताखाली, हे कसं चालायचं? 1940 मध्ये केंद्रीय विधिमंडळाने हे तत्त्व मान्य केलं आणि 1941 मध्ये निरीक्षक टपाल व हवाई खात्याकडे गेले. म्हणून आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे, आणि मुख्य आयुक्तांचं कार्यालय लखनौला. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण परक्या राजवटीतल्या त्या सभागृहाने केलेलं हे काम आजवर टिकून आहे.

अर्थात, आयुक्त येतात रेल्वेच्याच सेवांतून. अहवालातल्या शिफारशी मानायच्या की नाही, हेही रेल्वेच ठरवते.

•

मोठ्या अपघातानंतर पेपरच्या आतल्या पानावर चौकटीत एक जाहीर सूचना येते. आयुक्त अमुक तारखेला अमुक ठिकाणी चौकशीला बसणार आहेत, कुणाला माहिती असेल तर हजर राहून साक्ष द्यावी. निविदा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या शेजारी. कुठल्या डब्यात किती माणसं होती, धक्का कुठून बसला, हे प्रवाशालाच ठाऊक. त्याने पुढे यावं यासाठी एवढीच दवंडी.

•

1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 10: मुख्य आयुक्तांचा वार्षिक अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. ठेवायचा, चर्चा करायची असं कलमात नाही.

•

सरकारचा आवडता आकडा: 2014-15 मध्ये 135 गंभीर रेल्वे अपघात, 2024-25 मध्ये 31. घट खरी आहे, आणि ती मानायलाच हवी. पण त्यात मुंबईच्या लोकलमधून पडलेला माणूस नाही, रूळ ओलांडताना गेलेला नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडे वर्षाला सुमारे अडीच हजार माणसं मरतात. त्यातली बहुतेक "ट्रेसपासिंग" आणि "गाडीतून पडणे" या वेगळ्या रकान्यांत.

अनिल काकोडकर समितीने फेब्रुवारी 2012 च्या अहवालात हा रकाना उघडून दाखवला. देशभरात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे 15,000, त्यातले 6,000 एकट्या मुंबईत. अणुशास्त्रज्ञाने या प्रकाराला सरळ कत्तल म्हटलं. त्यानंतर मुंबईचा आकडा खाली आला. पण उरलेल्या अडीच हजारांचा जाब बुधवारी द्यावा लागत नाही, कारण ते मुळात अपघातच नाहीत.

•

त्याच समितीने स्वतंत्र, कायद्याने स्थापन झालेलं सुरक्षा प्राधिकरण मागितलं होतं. तेव्हाचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी 14 मार्च 2012 च्या रेल्वे अर्थसंकल्पात ते मान्य केलं, सुरक्षेचा हवाला देऊन भाडंही वाढवलं. आठवड्याच्या आत त्यांच्याच पक्षाने त्यांना घरी बसवलं. 1956 च्या अरियलूर अपघातानंतर शास्त्रीजींनी दिलेला राजीनामा शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना पाठ. त्रिवेदींचा कुणाला आठवतो? प्राधिकरण अजून झालेलं नाही.

•

एल्फिन्स्टन रोडचा पूल. 29 सप्टेंबर 2017, चेंगराचेंगरीत 23 मृत्यू. पूल अरुंद आहे हे मुंबईच्या खासदारांनी आधीच पत्रं लिहून सांगितलं होतं, नव्या पुलाला मंजुरीही होती. अपघातानंतर लष्कराला बोलावलं आणि पाच महिन्यांत पूल उभा राहिला. म्हणजे अडचण लोखंडाची नव्हतीच.

•

2017 पासून वेगळा रेल्वे अर्थसंकल्प बंद झाला. नव्या गाड्यांच्या घोषणांवर बाकं बडवण्याचा तो तमाशा गेला याचं मला दुःख नाही. पण निदान वर्षातून एकदा सगळा देश रेल्वेच्या पैशाकडे बघायचा. त्याच वर्षी राष्ट्रीय रेल संरक्षा कोष सुरू झाला: पाच वर्षांत एक लाख कोटी, त्यातले दरवर्षी 5,000 कोटी रेल्वेने स्वतःच्या कमाईतून घालायचे. कॅगने डिसेंबर 2022 मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात हिशेब मांडला. चार वर्षांत 20,000 कोटींपैकी 15,775 कोटी रेल्वेने घातलेच नाहीत. कोषातून झालेल्या खर्चात क्रॉकरी, थंडीची जाकिटं आणि पाय चेपायची यंत्रंही निघाली.

•

ठाण्या-कल्याणकडच्या कुणा खासदाराने येत्या अधिवेशनात द्यावा, असा प्रश्नाचा मसुदा. दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यात सहज बसतो.

(अ) 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून प्रवासी पडल्यानंतर बंद दाराच्या किती गाड्या प्रत्यक्ष धावू लागल्या, महिनावार;

(ब) गेल्या पाच वर्षांतल्या सुरक्षा आयुक्तांच्या शिफारशींपैकी किती नाकारल्या आणि प्रत्येकीचं कारण काय;

(क) नकारावर सही कुणाची?